इंग्लंडमधल्या गल्लीत राहायला येताय? मग आधी शेजारचं दार वाजवा

आम्ही रीडिंगजवळ अर्लीला राहायला आलो तेव्हा पहिला आठवडाभर मला वाटायचं की या गल्लीत माणसंच राहत नाहीत. सगळी दारं बंद, सकाळी गाड्या निघून जायच्या, संध्याकाळी परत यायच्या, मधे एखादा कुत्रा फिरवणारा, बास. सांगलीत घर बदललं की तासाभरात चार जणी चहा विचारून जातात, इथे कुणी फिरकलं नाही, आणि मी मनात धरून बसले की आपण यांना नको आहोत. तसं अजिबात नव्हतं. इथे आपणहून कुणाच्या दारात जाणं म्हणजे त्रास देणं असं लोकांना मनापासून वाटतं. तुम्ही नवीन, तुम्हाला आत्ताच कशाला गाठायचं म्हणून ते थांबतात, तुम्ही त्यांची वाट बघत थांबता आणि असंच वर्ष निघून जातं.

म्हणून पहिल्या आठवड्यातच दोन्ही बाजूंची आणि समोरची अशी तीन दारं वाजवा. शनिवारी अकराच्या सुमारास जा, जेवणाच्या वेळेला नको. नाव सांगायचं, कुठल्या नंबरात आलो ते सांगायचं, आणि सरळ एक प्रश्न विचारायचा, बिन, म्हणजे कचऱ्याचा डबा, कुठल्या दिवशी बाहेर काढतात? या प्रश्नाला इथला प्रत्येक माणूस आनंदाने आणि सविस्तर उत्तर देतो. दारातच उभं राहून बोलणं होईल, आत बोलावलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका, दारातल्या पाच मिनिटांनाच इथे ओळख म्हणतात. हातात काही न्यायचं असेल तर बिस्किटांचा साधा पुडा चालतो. लाडू-चिवडा दिवाळीला द्या आणि काजू-शेंगदाणे आहेत हे नक्की सांगा, नट्सची ॲलर्जी इथे फार गांभीर्याने घेतात.

आता बिनचं. रंग आणि वार प्रत्येक काउन्सिलचे, म्हणजे इथल्या नगरपालिकेचे, वेगळे, त्यामुळे लंडनच्या मित्राचं ऐकून काही करू नका. आमच्या पत्त्यात रीडिंग लिहितात पण काउन्सिल वोकिंगहॅम आहे, हे आम्हाला दोन आठवडे कळलंच नव्हतं. सरकारच्या गव्ह डॉट यूके साइटवर पोस्टकोड टाकला की तुमची काउन्सिल कुठली ते कळतं, ते पहिल्याच दिवशी करा कारण कचरा, शाळेचं ॲडमिशन, काउन्सिल टॅक्स म्हणजे इथली घरपट्टी, सगळं तिथूनच चालतं. बिन आदल्या रात्री बाहेर काढायचा, फुटपाथवर बाबागाडीला जागा राहील असा ठेवायचा, आणि त्याच दिवशी आत घ्यायचा. दोन-तीन दिवस बाहेर राहिलेला बिन कुणी बोलून दाखवत नाही पण सगळ्यांच्या लक्षात राहतो. बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी, आला की वार पुढे सरकू शकतो, कॅलेंडर फ्रिजवर लावून टाका. रिसायकलिंगमध्ये खरकटं गेलं तर बिन तसाच सोडून जातात. आणि पुऱ्या तळलेलं तेल सिंकमध्ये ओतायचं नाही, थंडीत ते पाइपात गोठून बसतं. थंड करून जुन्या बरणीत भरा आणि कचऱ्यात टाका.

काउन्सिल टॅक्स भाड्याने राहणाऱ्यालाही भरावा लागतो, हे नवीन आलेल्यांना माहीत नसतं आणि पहिल्या बिलाला धक्का बसतो. घराचा बँड, म्हणजे कराचा गट, ए ते एच पैकी एक असतो आणि तो एप्रिल १९९१ च्या किमतीवरून ठरलेला आहे. घर बघतानाच बँड विचारा. शक्यतो दहा हप्त्यांत भरतात, घरात एकच मोठं माणूस असेल तर २५ टक्के सूट मिळते, पण ती मागावी लागते. मुलं शाळेच्या वयाची असतील तर तारखा लिहून ठेवा, सेकंडरीचा अर्ज ३१ ऑक्टोबरपर्यंत आणि प्रायमरीचा १५ जानेवारीपर्यंत.

घराच्या आतलं जरा सविस्तर सांगते, कारण खरा त्रास तिथे होतो. आमचं घर सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एका बाजूची भिंत शेजारच्यांची आणि आमची एकच. पहिल्या महिन्यात एका सकाळी मी आमटीला फोडणी दिली, मिरची जळाली, धूर वर गेला आणि जिन्यातला स्मोक अलार्म असा काही किंचाळायला लागला की लेक रडायला लागली. मी टॉवेलने वारा घालतेय, तेवढ्यात दारावर टकटक. शेजारच्या आजी, सत्तरी ओलांडलेल्या, पायात स्लिपर, हातात लाकडी चमचा. त्या आत आल्या, चमच्याच्या दांड्याने अलार्मचं बटण दाबून धरलं, तो गप्प झाला, मग म्हणाल्या स्वयंपाकघराचं दार लावून घे आणि मागचं दार उघड. तेव्हापासून फोडणीआधी एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे धूर ओढणारा पंखा, चालू, खिडकी उघडी, आतलं दार बंद. अलार्मची बॅटरी मात्र कधीच काढू नका. ही घरं पेटली तर जिन्यातून खाली यायला वेळ फार थोडा मिळतो.

दुसरं म्हणजे बुरशी. आपण हिवाळ्यात सगळं बंद करून बसतो, आत कपडे वाळत घालतो, कुकरची वाफ, आंघोळीची वाफ, आणि सकाळी काचेवरून पाण्याचे ओघळ. जानेवारीत आमच्या कपाटामागची भिंत काळी पडली आणि माझ्या लग्नातल्या शालूला वास लागला, तो अजून गेलेला नाही. थंडी असली तरी रोज सकाळी दहा-पंधरा मिनिटं खिडक्या उघडा. चौकटीच्या वरच्या बाजूला बारीक झडपा असतात, त्या उघड्याच राहू देत. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा. भाड्याचं घर असेल तर फोटो काढून मालकाला लेखी कळवा, तोंडी सांगितलेलं विसरलं जातं.

पाण्याचा मेन कॉक, म्हणजे स्टॉपकॉक, कुठे आहे ते पहिल्या दिवशीच शोधा, बहुतेक किचनच्या सिंकखाली असतो. पाइप फुटल्यावर शोधत बसलात तर खालचं छत खाली येतं. बॉयलर सप्टेंबरातच एकदा चालवून बघा, थंडी पडल्यावर मेकॅनिक मिळत नाही.

आवाजाचं म्हणाल तर रात्री ११ ते सकाळी ७ ही वेळ पाळायचीच. पण दिवसासुद्धा सामायिक भिंतीला लागून मिक्सर ठेवू नका, आम्ही आमचा दुसऱ्या ओट्यावर हलवला. घरी गणपती असेल, तीस माणसं आणि दहा गाड्या येणार असतील, तर आठवडाभर आधी शेजाऱ्यांच्या दारातून चिठ्ठी टाका, कधीपासून कधीपर्यंत आणि तुमचा फोन नंबर. त्यांनाही बोलवा. आमच्याकडे समोरचे दोघं आरतीला आले, शूज काढून शेवटपर्यंत उभे राहिले आणि उकडीचा मोदक कसा करतात ते विचारून गेले. फटाक्यांना एरवी रात्री ११ नंतर बंदी असते पण दिवाळीच्या रात्री कायद्यानेच १ पर्यंत परवानगी आहे. तरी माझं मत विचाराल तर नऊपर्यंत आटपा. कुत्री अक्षरशः थरथरतात आणि ते बघितल्यावर मला पुढे लावावेसे वाटले नाहीत.

पार्किंगवरून इथे सगळ्यात जास्त मनं दुखावतात. घरासमोरचा रस्ता पब्लिक असतो, तुमच्या दारासमोर दुसऱ्याने गाडी लावली तर तो त्याचा हक्क आहे, परमिटचा रस्ता असेल तर गोष्ट वेगळी. पण जिथे फुटपाथ उतरता करून कुणाच्या आवारात गाडी नेण्याची वाट केलेली असते, तिथे पाच मिनिटंसुद्धा आडवी लावायची नाही. पाहुण्यांना हे आधीच सांगा.

बाग म्हणजे पुढची आणि मागची दोन्ही. भाड्याच्या घरात गवत कापणं बहुतेक तुमच्याकडेच असतं, करार वाचा. उन्हाळ्यात दोन आठवड्यांनी तरी कापावं लागतं, रविवारी सकाळी दहाच्या आत मशीन चालवू नका. डावीकडचं कुंपण आपलं असं सगळे ठामपणे सांगतात, तसा काही नियम नाही, घराच्या कागदपत्रांत बघावं लागतं. शेजारच्या झाडाची फांदी तुमच्याकडे आली तर हद्दीपर्यंतच कापता येते आणि ती फांदीही त्यांचीच असते, त्यामुळे कात्री घेण्याआधी विचारा, आणि काही झाडांना काउन्सिलचं संरक्षण असतं, तेही तपासा.

डिसेंबरात चारला अंधार पडतो. नोकरी न करणाऱ्या बायकोला किंवा भारतातून आलेल्या आईबाबांना तो महिना फार जड जातो, त्यांना दुपारी बारा-एकला रोज बाहेर काढा. आमच्या सासूबाई मेडन अर्लेच्या तळ्याला एक फेरी मारायच्या आणि भेटेल त्याला हॅलो म्हणायच्या, महिन्याभरात मला ओळखत नव्हते ते लोक त्यांना ओळखायला लागले. जवळच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव पहिल्याच आठवड्यात नोंदवा, बरं नसताना नाही. जिवावरचं असेल तर ९९९, डॉक्टरी सल्ला हवा असेल तर १११, पोलिसांना तातडीचं नसलेलं काही सांगायचं असेल तर १०१.

आणि भारतात जाताना घराची एक चावी शेजाऱ्यांकडे ठेवा. बऱ्याच इन्शुरन्समध्ये घर सलग ३० दिवसांपेक्षा जास्त रिकामं राहिलं तर कव्हर कमी होतं, सहा आठवड्यांसाठी निघाला असाल तर आधी कंपनीला कळवा. हीटिंग थोडं चालू ठेवा म्हणजे पाइप गोठत नाहीत. आमची चावी त्या आजींकडे असते. त्या पोस्ट आत नेऊन ठेवतात, आमचा बिन बाहेर काढतात आणि आत घेतात, आणि आम्ही येणार त्या दिवशी फ्रिजमध्ये एक पाइंट दूध असतं. मी येताना त्यांच्यासाठी चहाचा मसाला आणते, वेलची जास्त घातलेला, त्यांना तसाच लागतो.