साठवणीची मिरची घ्यायला निघताय?

पिशवी उचलण्याआधी घरात बसून एक हिशेब करा. तिखटाला रंग किती हवा आणि झणका किती? एकाच मिरचीत दोन्ही भरपूर असं फारसं होत नाही, म्हणून तर आपल्याकडे मिसळून घेतात. रंगाला बेडगी, झणक्याला लवंगी किंवा गुंटूर, आणि खिसा परवानगी देत असेल तर संकेश्वरी. आमच्याकडे दोन किलो बेडगीला अर्धा किलो लवंगी पडते. कोल्हापूरचे पाहुणे त्याला ‘गोड तिखट’ म्हणतात, म्हणोत बापडे.

खरेदीची वेळ फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. त्याआधीचा नवा माल बऱ्याचदा पुरता वाळलेला नसतो आणि वळवाचा पाऊस सुरू झाला की मिरची हवेतला दमटपणा ओढते. दिवाळीच्या सुमारास मिळते ती बहुधा कोल्ड स्टोरेजमधली. वाईटच असते असं नाही, पण वर्षभरासाठी मी ती घेणार नाही.

जायचं कुठे? मुंबईकरांना लालबागची मिरची गल्ली आहेच. मिरची, खडा मसाला आणि ते कुटून देणारा डंक, सगळं तिथल्या तिथे. गडहिंग्लजचा बाजार संकेश्वरीसाठी, खान्देशात नंदुरबार, नागपूरकडे भिवापूर. गोव्यात काणकोणची खोला मिरची डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर पिकते. पावसाळ्याआधीच्या पुरुमेंताच्या, म्हणजे साठवणीच्या, खरेदीत ती शोधा.

आता नावाची गंमत. बेडगी म्हणजे कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातलं ब्याडगी गाव. तिथल्या मिरचीला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यात दोन प्रकार: डब्बी आखूड, फुगीर आणि गडद, कड्डी लांब, बारीक, सुरकुतलेली. नुसतं ‘बेडगी द्या’ म्हटलंत तर आंध्र-तेलंगणातली, तशीच दिसणारी संकरित मिरचीही पुढ्यात येते. म्हणून विचारायचं, ‘डब्बी की कड्डी? माल कुठल्या मार्केटचा?’ उत्तर द्यायला दुकानदार चाचरला, तर पुढचं दुकान बघा.

खरी परीक्षा हाताची. पोत्याच्या तोंडावरची मिरची बघू नका, कोपरापर्यंत हात घालून खालची मूठ काढा. एका वर्षी मी हे केलं नाही. वरचा माल खुळखुळत होता, खालचा गार आणि लिबलिबीत. पाच किलो आणली होती, दोन उन्हं दाखवल्यावर भरली सव्वाचार. वाहतुकीत तुकडे होऊ नयेत म्हणून मिरचीवर पाणी मारतात. वजन वाढतं तेही त्यानेच.

मूठ कानाशी हलवा, बी वाजलं पाहिजे. एक मिरची मोडा: कडकन तुटली तर वाळलेली, नुसती वाकली तर ओली. मोडलेल्या मिरचीच्या पोटात बघा. राखाडी बुरशी किंवा काळं पडलेलं बी दिसलं तर बाहेरून कितीही लाल असो, सोडून द्या. वास घ्या; कुबट आला तर विषय संपला. फारच चकाकत असेल तर पांढऱ्या रुमालाने पुसा, तेल चोळलेलं असेल तर डाग पडतो. पांढरट, रंग उडालेल्या मिरच्या पोत्यात दोनचार असायच्याच. मुठीत दोनचार आल्या तर मात्र भाव पाडून मागा किंवा निघा.

हिरव्या मिरचीला एवढा खटाटोप नको. देठ हिरवा आणि ताठ, साल तुकतुकीत. ठेच्याला लवंगी, भज्यांना जाड आणि लांबट. रंजक्याच्या चटणीसाठी ओली लाल मिरची हवी असेल तर थंडीत आठवडी बाजारात सकाळीच गाठा. पाटीतली मऊ पडलेली मिरची बाजूला काढू देणारी बाई आपली.

साठवणीची मिरची घरी आणली की दोन कडक उन्हं दाखवा, मगच देठं खुडायला बसा. ओली असताना खुडली की देठाबरोबर मिरचीही फाटते. बसण्याआधी हातांना गोडंतेल चोळा आणि दारात पोरं असतील तर त्यांना खेळायला पिटाळा.