आधी वही उघडा, मग कॅबिनेट: जुन्या डेस्कटॉपचं दुखणं शोधण्याची रीत

मामांचं तालुक्याच्या गावी टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी त्यांचा फोन आला. "अरे, मशीन लई स्लो झालंय. इथला माणूस म्हणतो नवीनच घ्या, चाळीस हजार होतील. काय करू?" मी विचारलं, मशीन कुठलं आहे? म्हणाले, "काळा डबा आहे, त्यात विंडोज आहे."

त्यात मामांची चूक नव्हती. डॉक्टरकडे जाताना जुने रिपोर्ट घेऊन जायचे असतात हे आपल्याला घरीच शिकवतात. कॉम्प्युटरबद्दल सल्ला मागताना काय सांगायचं, हे मात्र कुणी शिकवत नाही. मग समोरचा अंदाजाने बोलतो, आणि अंदाजाचा सल्ला बहुतेक वेळा "नवीन घ्या" इथे येऊन थांबतो. त्या दिवशी फोनवर आम्ही अर्धा तास घालवला आणि चाळीस हजार वाचले. तो अर्धा तास कसा घालवायचा ते इथे सांगतो.

पायरी १: मशीनची कुंडली लिहून काढा

एक वही घ्या. मोबाइलमधली नोट चालेल, पण मशीनच बंद पडलं आणि मोबाइल दुसऱ्या कुणाच्या हातात असला तर वहीच कामाला येते.

विंडोज सुरू असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या परफॉर्मन्स या भागात हवी ती बहुतेक माहिती असते. सीपीयूवर क्लिक केलं की प्रोसेसरचं, म्हणजे सगळी आकडेमोड करणाऱ्या मुख्य चिपचं, पूर्ण नाव दिसतं. मेमरीवर क्लिक केलं की रॅम (काम चालू असताना लागणारी तात्पुरती मेमरी) किती, तिचा वेग किती आणि एकूण स्लॉटपैकी किती भरलेत ते दिसतं. डिस्कवर क्लिक केलं की एचडीडी (आत तबकडी फिरणारी हार्ड डिस्क) आहे की एसएसडी (चिपवर साठवणारी, न फिरणारी डिस्क) ते कळतं. मदरबोर्डचं, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात त्या मुख्य पाटीचं, मॉडेल हवं असेल तर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, एमएसइन्फो३२ असं इंग्रजीत टाइप करा आणि बेसबोर्डच्या (म्हणजे मदरबोर्डच्याच) ओळी पाहा. सीपीयू-झेड नावाचं मोफत सॉफ्टवेअरही हे सगळं नीट दाखवतं.

आपल्याकडे अख्ख्या डब्याला "सीपीयू" म्हणायची सवय आहे. दुकानात "सीपीयू बदलायचाय" म्हटलं की अर्थाचा घोळ होतो. सल्ला मागताना सीपीयू म्हणजे फक्त प्रोसेसरची चिप, डब्याला कॅबिनेट म्हणा आणि आत वीज पुरवणाऱ्या पेटीला एसएमपीएस.

विंडोज ३२ बिट आहे की ६४ बिट, हेही लिहा. जुन्या दुकानांतून ३२ बिट विंडोज अजून सापडतं, आणि ते जास्तीत जास्त ४ जीबी रॅम वापरू शकतं. तिथे ८ जीबी रॅम बसवून काहीच फरक पडत नाही, कारण दोष रॅमचा नसतोच.

पायरी २: तक्रार नेमकी सांगा

"स्लो आहे" ही तक्रार नव्हे. सकाळी चालू करताना वेळ लागतो की दिवसभर? एकच फाइल उघडताना अडतं की पाच गोष्टी एकत्र उघडल्यावर? कधीपासून? त्याच्या आधी काय बदललं: नवा प्रिंटर, अपडेट, अँटिव्हायरस, की नुसती विजेची ये-जा? मामांचा प्रश्न आम्ही शेवटी असा लिहिला:

"इंटेल कोअर आय३-४१३०, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅम, २ पैकी १ स्लॉट भरलेला, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १० ६४ बिट. सुरू व्हायला सहा मिनिटं लागतात. ब्राउझर आणि वर्ड एकत्र उघडले की अडकतं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के, मेमरी ९० टक्के, सीपीयू २० टक्के. श्रीलिपी आणि डिजिटल सिग्नेचरचा टोकन रोज लागतो. खर्च कमीत कमी हवा."

एवढं वाचून जाणकार माणूस दोन मिनिटांत उत्तर देतो. (श्रीलिपी म्हणजे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, टोकन म्हणजे डिजिटल सही साठवलेली पेन ड्राइव्हसारखी वस्तू.) शेवटची दोन वाक्यं लोक हमखास गाळतात. काम काय आहे आणि खिसा किती आहे हे कळल्याशिवाय कुठलाही सल्ला बरोबर किंवा चूक ठरत नाही.

पायरी ३: नाडी पाहा

मशीन ज्या क्षणी अडकतं, त्याच क्षणी टास्क मॅनेजर पाहा. रिकामं बसलेलं असताना पाहून उपयोग नाही. सीपीयू सतत १०० टक्के असेल तर कुठला प्रोग्रॅम खातोय ते यादीत वर दिसेल. मेमरी भरलेली असेल तर रॅम कमी पडतेय. आणि डिस्क १०० टक्क्यांना चिकटलेली असेल, वर ती हार्ड डिस्क असेल, तर चोर सापडला.

हे असं का होतं ते समजून घ्या. साधी हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला १२० फेरे, एका फेऱ्याला ८ मिलिसेकंदांहून थोडं जास्त. हवा तो तुकडा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा जातो, शिवाय सुई तिथपर्यंत सरकवायचा वेळ वेगळा. विंडोज सुरू होताना डिस्कवर विखुरलेल्या हजारो छोट्या फाइली वाचतं, आणि प्रत्येक वेळी ही कसरत होते. एसएसडीत फिरणारं काही नसतंच. साधी सॅटा (हार्ड डिस्कच्याच प्रकारच्या केबलने जोडायची) एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचते हा आकडा जाहिरातीत असतो, पण खरा दिलासा आहे तो ही वाट पाहणं संपण्याचा. म्हणून दहा वर्षं जुन्या मशीनलाही एसएसडीने जीव येतो. नव्या प्रोसेसरला हार्ड डिस्क जोडली तर तोही रखडतो.

पायरी ४: डिस्क बदलण्याआधी तिची तब्येत आणि बॅकअप

क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. त्यात रीअलोकेटेड सेक्टर्स आणि करंट पेंडिंग सेक्टर या दोन ओळींसमोर रॉ व्हॅल्यूजच्या रकान्यात शून्याखेरीज आकडा दिसला, किंवा डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी कामाच्या फाइली दुसरीकडे उतरवा. गिऱ्हाइकांची कागदपत्रं, घरातले फोटो, हिशेब. अशा डिस्कवर "फॉरमॅट मारून बघू" कुणी म्हणालं तर हात जोडून नाही म्हणा.

डिस्क ठीक असली तरी बॅकअप घ्याच. यावर माझी तडजोड नाही.

पायरी ५: एसएसडी बसवणं

आधी कुठली लागेल ते पाहा. एम.२ हे आकाराचं नाव आहे, वेगाचं नव्हे. एम.२ पट्टी सॅटाची असू शकते किंवा त्याहून वेगवान एनव्हीएमईची, आणि तुमच्या मदरबोर्डवर तो स्लॉट आहे का, कुठली पट्टी चालते, हे मॅन्युअलमध्ये असतं. चौथ्या पिढीच्या इंटेल मशीनसाठी (मामांच्या आय३-४१३० मधला पहिला ४ म्हणजे चौथी पिढी) २.५ इंची सॅटा एसएसडी हा बिनघोर पर्याय. सोबत सॅटाची डेटा केबल घ्या, पुष्कळदा एसएसडीच्या डब्यात ती नसते. वीज देणारा चपटा कनेक्टर एसएमपीएसमधून येतो, एखादा मोकळा आहे का ते आधी पाहून ठेवा.

प्लग भिंतीतून काढा. पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. हात घालण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करा. कनेक्टर इंग्रजी एल आकाराचे असतात, एकाच बाजूने बसतात, जोर लावू नका.

आता प्रश्न: नवं विंडोज टाकायचं की जुनंच जसंच्या तसं उचलायचं? घरच्या मशीनला मी नवं टाकायला सांगतो, दहा वर्षांचा कचरा जातो. पण टायपिंगच्या दुकानात श्रीलिपी, जुने फाँट, टोकनचे ड्रायव्हर, प्रिंटरची सेटिंग असं सगळं बसलेलं असतं, ते पुन्हा जुळवण्यात दोन दिवस धंदा बुडतो. तिथे क्लोनिंग, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, करावं. अनेक मोठ्या एसएसडी कंपन्यांच्या संकेतस्थळावर त्यांचं मोफत क्लोनिंग सॉफ्टवेअर मिळतं. जुन्या डिस्कवर भरलेली जागा एसएसडीत मावेल आणि वर पाचवा हिस्सा तरी मोकळा राहील, एवढं पाहा.

क्लोनिंग संपलं की मशीन बंद करून जुनी डिस्क काढून ठेवा आणि पहिल्यांदा फक्त एसएसडीवरच सुरू करा. दोन्ही एकत्र जोडून सुरू केलं की विंडोज अनेकदा जुन्या डिस्कवरूनच उठतं आणि माणूस म्हणतो, एसएसडी लावूनही फरक पडला नाही. जुनी डिस्क पंधरा दिवस तशीच कपाटात ठेवा, पुसू नका.

रॅमबद्दल थोडक्यात. डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. छोट्या ऑफिस मशीनमध्ये लॅपटॉपची आखूड रॅम असू शकते, म्हणून एकदा झाकण उघडून पाहा. चार स्लॉट असतील आणि दोनच पट्ट्या असतील, तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावतात. मॅन्युअल काय म्हणतं ते अंतिम.

विंडोज ११ चा पेच

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि, थोडे अपवाद सोडले तर, इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीची रायझन २००० मालिका आणि त्यापुढचे प्रोसेसर. आठव्या पिढीचं मशीन असूनही "चालणार नाही" असा संदेश आला तर घाबरू नका. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, इंटेलवर पीटीटी किंवा एएमडीवर एफटीपीएम या नावाने ती सोय अनेकदा नुसती बंद असते. मात्र डिस्क विंडोजच्या बिटलॉकर या कुलपाने बंद केलेली असेल तर बायोसला हात लावण्याआधी तिची रिकव्हरी की लिहून ठेवा.

त्याहून जुनं मशीन घरी मुलांच्या अभ्यासाला असेल, तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली छान चालते आणि इनस्क्रिप्ट कीबोर्डने मराठीही टाइप होतं. पण ज्यांचं पोट टोकन, थंब मशीन आणि श्रीलिपीवर आहे, त्यांना मी लिनक्स सुचवत नाही.

मशीन सुरूच होत नसेल तर

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक वेळी वहीत लिहा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन चालू झालं, तर कशामुळे ते कधीच कळत नाही.

काहीच हालचाल नाही: भिंतीचं सॉकेट, एक्स्टेंशन बोर्ड, पॉवर केबल, एसएमपीएसच्या मागचं बटण, या क्रमाने पाहा. मग ओळखीतला चालू एसएमपीएस लावून पाहा. ब्रँडेड ऑफिस मशीनचे कनेक्टर पुष्कळदा वेगळे असतात, तिथे बाजारातला साधा एसएमपीएस बसत नाही. एसएमपीएसची पेटी स्वतः कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज राहते.

पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही: वेगळं ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र तयार करणारं) असताना मॉनिटरची केबल मदरबोर्डमध्ये लावलेली असते, हे फार वेळा पाहिलंय. ती कार्डमध्ये लावा. नाही जमलं तर सगळी रॅम काढा, सोनेरी कडा स्वच्छ पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, कण बोर्डवर पडू देऊ नका, आणि एकच पट्टी एका स्लॉटमध्ये लावून पाहा. दमट हवेत, विशेषतः कोकणात पावसाळ्यानंतर, एवढ्यानेच अनेक मशीन उठतात. बीप किती वाजल्या, बोर्डवरचा कुठला दिवा अडकून राहिला, हेही लिहा.

रोज तारीख मागे जाते, बँकेची वेबसाइट उघडत नाही: बोर्डवरचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा गोल सेल बदला. तारीख चुकली की ब्राउझर सुरक्षित वेबसाइटचं प्रमाणपत्र मानत नाही. एवढ्याशा सेलसाठी विंडोज पुन्हा टाकून घेतलेले लोक मला भेटलेत.

थोडा वेळ चालून बंद पडतं: उष्णता. पंख्याला बोटाने धरून धूळ झटका, ब्लोअरच्या झोताने तो गरगर फिरू देऊ नका. हीटसिंक (प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा ठोकळा) हलतोय का पाहा. काढलात तर त्याखालची जुनी थर्मल पेस्ट पुसून मटाराच्या दाण्याएवढी नवी लावावी लागेल.

निळा पडदा येतो: स्टॉप कोडचा फोटो काढा. रॅमवर संशय असेल तर पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. एकही चूक दाखवली तरी ती पट्टी बाद समजा.

आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवून अर्थिंग तपासा. त्याआधी मशीनला हात लावू नका.

प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर

इथे नुसतं सॉकेट (बोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) पाहून फसायला होतं. इंटेलची सहावी-सातवी आणि आठवी-नववी पिढी, दोन्हींच्या सॉकेटचं नाव एलजीए ११५१ च आहे, पण जुन्या १०० आणि २०० मालिकेच्या बोर्डवर आठवी पिढी चालत नाही. नावाच्या शेवटी एफ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं. रायझन ५ ५६०० मध्येही नसतं, ५६००जी मध्ये असतं. हे न पाहता घेतलं तर वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जा किंवा ऑनलाइन घ्या, बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरची चालणाऱ्या प्रोसेसरची यादी आणि लागणारी बायोसची आवृत्ती आधी वाचा. पक्कं बिल घ्या आणि प्रत्येक भागाचा सीरियल नंबर त्यावर लिहून मागा. वॉरंटीच्या वेळी तोच लागतो.

मामांनी तेव्हा २५६ जीबीची सॅटा एसएसडी आणि ४ जीबी डीडीआर३ ची एक पट्टी एवढंच घेतलं. सहा मिनिटांचं अर्ध्या मिनिटावर आलं. पुढे विंडोज १० चा सपोर्ट संपत आला तेव्हा त्यांनी दहाव्या पिढीचं जुनं ऑफिस मशीन घेतलं आणि तीच एसएसडी त्यात गेली. डीडीआर३ ची पट्टी तिथे बसत नव्हती, ती आय३ मध्येच राहिली. त्यात आता वेगळी छोटी एसएसडी आणि लिनक्स मिंट आहे, आणि संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर मामेबहीण त्यावर टायपिंगचा सराव करते.