अंध मुलासोबत सगळ्यांनी खेळायची सापशिडी, घरच्या घरी

दुकानात 'स्पेशल' खेळणी मिळतात, पण ती घेऊन मूल एका कोपऱ्यात आणि बाकीची भावंडं दुसरीकडे सापशिडी खेळतायत असं होतं, त्यापेक्षा सापशिडीच अशी करा की सगळे एकाच पटावर बसतील. खर्च फार नाही, एक दुपार जाते.

नेहमीचा १०० घरांचा पट घेऊ नका, बोट आणि सोंगटी एकत्र मावतच नाही. कुरिअरच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या, ३० बाय ३० सेंमी, त्यावर ५ सेंमीची ३६ घरं आखा आणि रेघांवर फेविकॉलने जाड दोरा चिकटवा. प्रत्येक घराच्या कोपऱ्यात वेल्क्रोचा तुकडा, सोंगटीच्या खाली दुसरा, नाहीतर बोट फिरवताना सोंगट्या पडतात आणि मग कोण कुठे होतं यावर महाभारत.

साप सुतळीचे, तोंडाशी बटण. शिडी आइसक्रीमच्या काड्यांची, पायऱ्या टूथपिकच्या (टोकं कापून!), आणि खालच्या टोकाला एक मणी, नाहीतर वर पोचलेलं मूल तीच शिडी परत चढायला जातं. तीन साप तीन शिड्या बस झाल्या, आणि एकमेकांवरून अजिबात जाऊ देऊ नका. डोळ्यांना चालतं ते, बोट मात्र सापावरून निघतं आणि शिडीवर जातं. सापशिडीत दर ओळीला दिशा उलटते ना, तिथेही गोंधळ होतो, म्हणून ओळीच्या शेवटच्या घरातून वरच्या घरात जाणारा दोऱ्याचा छोटा बाण लावा.

सोंगट्या रंगाने नाही, आकाराने वेगळ्या हव्यात: बाटलीचं झाकण, खोडरबर, मोठं बटण. फासा मोठा लाकडी घ्या, ठिपक्यांवर मोत्याच्या टिकल्या, आणि तो परातीतच टाकायचा, म्हणजे सोफ्याखाली जात नाही आणि आवाजावरून कुठे थांबला तेही कळतं. घरात अगदी लहान बाळ असेल तर मणी-बटणं नकोत, तोंडात जातात, तिथे दोऱ्याची गाठ मारा.

थोडंफार दिसणारी मुलंही असतात, त्यांच्यासाठी काळ्या पुठ्ठ्यावर पिवळा दोरा, आणि लॅमिनेशन नको, चमकतं.

खेळताना नियम एकच, आकडा आणि घर प्रत्येकाने मोठ्याने सांगायचं, दिसणाऱ्यांनीसुद्धा. अंध मुलाचा हात धरून सोंगटी हलवू नका, त्याला शोधू द्या, वेळ लागतो तर लागू दे. आणि मुद्दाम हरणाऱ्या मावशी-काकांना आधीच दम द्या, मुलांना लगेच कळतं.

पत्त्यांचं सोपं आहे, स्लेट-स्टायलसने (खाचांची पट्टी आणि टोचणी) मागच्या बाजूने ब्रेल, म्हणजे बोटाने वाचायची ठिपक्यांची लिपी, टोचायचं, उजवीकडून डावीकडे, कारण ठिपके पुढच्या बाजूला उठतात. प्लॅस्टिक कोटिंगचे पत्ते घ्या, साध्या कागदी पत्त्यांवरचे ठिपके लवकर दबतात.

बुद्धिबळाचा अंधांसाठीचा तयार पटच घ्या. काळी घरं उंच असतात, मोहऱ्यांना खाली खुंटी असते जी घरातल्या भोकात बसते, आणि एका बाजूच्या मोहऱ्यांच्या डोक्यावर बारीक टोक.

मैदानात जायचं असेल तर अंध क्रिकेटचा बॉल मागवा, कडक प्लॅस्टिकचा, आत वाजणारे छर्रे. तो येईपर्यंत साधा बॉल कुरकुरणाऱ्या पिशवीत बांधून चालतो. बॉलिंग अंडरआर्म, बॉलर आधी 'रेडी?' विचारतो, बॅट्समन 'येस' म्हणाला की 'प्ले' म्हणत टाकायचा. थांबलेला बॉल मात्र गप्प असतो, तेव्हा फिल्डरला ओरडून सांगायला कोणीतरी हवं. पूर्ण अंध बॅट्समनच्या रन्स दुप्पट धरतात, अधिकृत मॅचमध्येसुद्धा, हे गल्लीतल्या पोरांना टॉसच्या आधी सांगा, नंतर कोणी ऐकत नाही.