महागडा कॅमेरा बिघडला? सर्व्हिस सेंटरला जाण्याआधी या चुका टाळा

दोन-अडीच लाखांचा कॅमेरा घेतला आणि तो वॉरंटीतच अडखळायला लागला, की माणूस आधी हादरतो आणि मग चिडतो. साहजिक आहे. एवढे पैसे मोजले ते निर्धास्त राहता यावं म्हणून. पण त्याच तिरीमिरीत आपण कॅमेरा बॅगेत टाकून थेट सर्व्हिस सेंटर गाठतो आणि तिथेच निम्मी बाजी हातची जाते. माझं स्पष्ट मत आहे की अशा तक्रारींचा निकाल बराचसा घरच्या तयारीवर ठरतो, काउंटरवरच्या वादावादीवर नाही.

'नीट चालत नाही' एवढंच सांगणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. काउंटरवरचा माणूस दिवसभर तेच ऐकत असतो. तो समोरच्या भिंतीचे चार फोटो काढतो, चारही नीट येतात आणि जॉब शीटवर शेरा पडतो, 'दोष आढळला नाही'. हा शेरा पुढे प्रत्येक टप्प्यावर तुमच्यासमोर ठेवला जातो.

दादरच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरचा नवा मिररलेस कॅमेरा मे महिन्याच्या उकाड्यात अर्धा तास वापरला की गोठायचा. स्क्रीन जागच्या जागी थिजायची आणि बॅटरी काढून पुन्हा घातल्याशिवाय काही हलायचं नाही. सर्व्हिस सेंटरच्या एसीत मात्र तोच कॅमेरा एकदम सुरळीत. 'दोष आढळला नाही' म्हणून कॅमेरा परत आला. मग त्याने कंपनीचीच बॅटरी घातली, नवं कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलं, सगळी सेटिंग्ज मूळ पदावर आणली, फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर, अपडेट केलं आणि एकच लेन्स लावून गच्चीवर सावलीत कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवला. समोर मोबाइल रेकॉर्डिंगला लावला. सुरुवातीला कॅमेऱ्याच्या तळाचा सीरियल नंबर दाखवला, शेजारी भिंतीवरचं घड्याळ ठेवलं. कॅमेरा गोठला तो क्षण आणि बॅटरी काढून घातल्यावर सुरू झाला तो क्षण, दोन्ही एकाच न कापलेल्या व्हिडिओत आले. तो पाहिल्यावर तंत्रज्ञाने पहिल्यांदाच विचारलं, "साहेब, साधारण किती वेळ चालू ठेवला की होतं?" त्यानंतर कॅमेरा तासभर चालू ठेवून तपासला गेला आणि मेन बोर्ड बदलून मिळाला, वॉरंटीत.

तंत्रज्ञाला दोष दिसला पाहिजे. तो आपला शत्रू नसतो, त्याला वर रिपोर्ट पाठवायचा असतो आणि त्यासाठी हातात काहीतरी लागतं.

दोष आणि मर्यादा यांत गल्लत करणं

लांबलचक व्हिडिओ घेताना स्क्रीनवर तापमानाचा इशारा येऊन कॅमेरा बंद पडला, तर तो बहुतेकदा बिघाड नसतो, त्या मॉडेलची मर्यादा असते. इशारा न देता गोठला तर गोष्ट वेगळी. फोटोत डाग दिसतात? लेन्सचं छिद्र अगदी लहान करून, एफ/16 वर, मोकळ्या आकाशाचा फोटो घ्या, मग तोच छिद्र मोठं करून एफ/2.8 वर. पहिल्यात ठळक आणि दुसऱ्यात गायब होणारे डाग सेन्सरवरच्या धुळीचे असतात. लेन्सवर झाकण ठेवून काढलेल्या फोटोंत दर वेळी एकाच जागी चमकणारा ठिपका मात्र सदोष पिक्सेलचा. डीएसएलआरवर व्ह्यूफाइंडरमधून फोकस चुकतो पण लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे मागच्या स्क्रीनवर पाहून, अचूक येतो, तर बहुधा कॅलिब्रेशनचा, म्हणजे फोकसच्या जुळणीचा प्रश्न आहे. वरच्या श्रेणीतल्या बऱ्याच मॉडेलांत तो मेनूतूनही सुधारता येतो. लेन्स बदलून पाहिल्याशिवाय बॉडीला दोष देऊ नका.

आणि नमुन्याचे फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका. फाइल दाबली जाते, फोटोची तांत्रिक माहिती निघून जाते आणि पुरावा निकामी होतो. मूळ फाइल, जमल्यास रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), ई-मेलने किंवा ड्राइव्हवरून द्या.

मुंबईची हवा विसरणं

जून ते सप्टेंबर कपाटात बंद ठेवलेल्या लेन्सला इथे बुरशी धरते, आणि बुरशी किंवा पाणी वॉरंटीत बसत नाही. आतल्या कनेक्टरवर हिरवट गंज दिसला की 'लिक्विड डॅमेज'चा शेरा येतो आणि मूळ दोष बाजूला राहतो. महागडी बॉडी घेणाऱ्याने ड्राय कॅबिनेट घ्यावंच. आतली आर्द्रता 40 ते 50 टक्के ठेवा. ते जमत नसेल तर घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि छोटं आर्द्रतामापक एवढं तरी करा.

कॅमेरा जमा करण्याआधी माउंट, बॅटरीचा कप्पा, पोर्ट, कोपरे आणि तळाचे स्क्रू यांचे जवळून फोटो काढून ठेवा. नंतर कोणी 'कॅमेरा पडलेला आहे' म्हटलं, तर नेमकी कोणती खूण, तिचा फोटो आणि लेखी कारण मागा.

वॉरंटी चालू असताना तो बाहेर उघडूही देऊ नका. फोर्टातल्या बोरा बाजारात जुन्या कॅमेऱ्यांना आणि लेन्सना जीवदान देणारे कुशल कारागीर आहेत, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण त्यांच्याकडे जायची वेळ वॉरंटी संपल्यावरची.

बिलाकडे दुर्लक्ष

काही हजार वाचतात म्हणून ग्रे मार्केटचा, म्हणजे कंपनीच्या अधिकृत वितरकाकडून न आलेला माल घेतला, की कंपनीची भारतातली वॉरंटी मिळत नाही. 'आमची वॉरंटी आहे ना' हे दुकानदाराचं आश्वासन त्याच्या दुकानापुरतं. जीएसटीचं पक्कं बिल आणि त्यावर सीरियल नंबर, हे दोन्ही घेतल्याशिवाय दुकानाबाहेर पडू नये.

सगळं फोनवर आणि तोंडी

जॉब शीटवर दोष तुमच्या शब्दांत लिहून घ्या. 'हँग होतो' नको, 'सलग अर्धा तास वापरल्यावर गोठतो, बॅटरी काढल्यावरच सुरू होतो' असं हवं. बॉडीची अवस्था आणि सोबत दिलेल्या वस्तू तिथेच नोंदवा. कार्ड, पट्टा, फिल्टर घरीच राहू द्या. प्रत्येक फोननंतर 'आज आपलं असं बोलणं झालं' एवढा दोन ओळींचा मेल टाका. सर्व्हिस सेंटर अनेकदा कंपनीचं स्वतःचं नसतं, अधिकृत एजन्सीचं असतं. म्हणून कंपनीच्या ग्राहक सेवेला आणि विक्रेत्यालाही त्याच मेलमध्ये ठेवा. मागणी एकच आणि स्पष्ट लिहा: दुरुस्ती, बदली की पैसे परत.

परत घेताना सही करण्याआधी ज्या चाचणीत कॅमेरा नापास झाला तीच तिथे करून पाहा. कोणता भाग बदलला आणि दुरुस्तीवर किती वॉरंटी, हे कागदावर घ्या.

'वॉरंटी संपली' हा शेवटचा शब्द मानणं

मॉडेलमध्येच दोष असेल तर चित्र बदलू शकतं. निकॉनच्या 2012 सालच्या डी600 च्या सेन्सरवर डाग साचत. फेब्रुवारी 2013 मध्ये कंपनीने स्वच्छतेची सूचना काढली, आणि वर्षभराने वॉरंटी संपलेल्या कॅमेऱ्यांचंही शटर मोफत बदलून द्यायची घोषणा केली. लायकाच्या एम9 मध्ये सेन्सरवरची काच गंजायची. 2014 मध्ये त्या कंपनीनेही सेन्सर मोफत बदलून द्यायला सुरुवात केली. लाखांच्या घरातला कॅमेराही सदोष निघतो, हे यातून कळतं. म्हणून खर्चाच्या अंदाजपत्रकावर होकार देण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या मॉडेलसाठी सर्व्हिस ॲडव्हायजरी, म्हणजे अशा दोषाबद्दलची जाहीर सूचना, आहे का ते पाहा.

दाद मागायला उशीर

मेलला उत्तर येत नसेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. 1975 पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीकडे मार्गदर्शनही मिळतं. तरीही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथेच तक्रार करता येते, कॅमेरा दिल्लीच्या विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवलेला असला तरी. मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज होतो.

व्यावसायिक फोटोग्राफरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागू नाही, पण स्वयंरोजगारातून केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतली असेल तर लागू आहे. बिल फर्मच्या नावावर असेल तर समोरचा वकील नेमकं त्यावर बोट ठेवू शकतो. तेव्हा आपण स्वतः कॅमेरा चालवून पोट भरतो, हे तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात मांडा.

तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत अर्ज करावा लागतो. 'पुढच्या आठवड्यात कळवतो' अशा मेलांची देवाणघेवाण चालू असली तरी ही मुदत थांबते असं धरून चालू नका.