वॅडिंगचं पुरुमेंत: मे महिन्यात काय करायचं आणि तुकड्यांचं काय करायचं

आमच्याकडे गोव्यात मे महिना आला की पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची गडबड, मिरच्या वाळव, आमसुलं भर, चिंच गोळे करून ठेव, सुकी मासळी डब्यात. मी त्यात गेली काही वर्षं अजून एक वस्तू घुसवलीय, गोधडीचं वॅडिंग. कुणी बॅटिंग म्हणतं, कुणी दुकानात जाऊन नुसतं फायबर मागतं, मी म्हणतेय ते म्हणजे दोन कापडांच्या मधे घालायचा तो मऊ थर. सासूबाई हसतात, म्हणतात ह्याची काय आमटी करणार काय. पण त्यांनाही माहितीय की मृग लागायच्या आत हे काम झालं नाही तर काय होतं.

काय होतं ते सांगते. पहिल्या वर्षी मी तीन मीटर कॉटन वॅडिंग आणि एक पिशवीभर तुकडे, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गाठ मारून माळ्यावर टाकलं, खूश होऊन की आता पाणी शिरणार नाही. चवथीच्या साफसफाईला काढलं तर आत काळे ठिपके आणि तो वास, ओल्या पोत्याचा असतो ना तसाच. पाणी बाहेरून शिरलंच नव्हतं, ते मी आतच बंद करून ठेवलं होतं! कापूस हवेतली ओल ओढतो, साध्या हवेतसुद्धा स्वतःच्या वजनाच्या आठ-साडेआठ टक्के पाणी त्यात असतं, पॉलिस्टरमधे अर्धा टक्काही नसतं. आणि हवेतली आर्द्रता सत्तरच्या वर बराच काळ राहिली की बुरशीला रान मोकळं, आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती ऐंशी-नव्वदच्या खाली फारशी येतच नाही. म्हणून बाहेरच्या लोकांचे सल्ले, हवाबंद डब्यात ठेवा वगैरे, इथे जसेच्या तसे चालत नाहीत. हवाबंद चालतं, पण भरलं कधी त्यावर सगळं.

तर भरायचा मुहूर्त म्हणजे मे महिन्यातली कडक दुपार. सकाळी दहाच्या सुमारास चटईवर जुनी कॉटन साडी, तिच्यावर वॅडिंग, वरून परत साडी नाहीतर ओढणी, म्हणजे कावळे आणि आंब्याचा पाला-कचरा दोन्हीपासून वाचतं. दोन तास पुरे, दिवसभर करपवत बसू नका, पॉलिस्टर उन्हाने कमजोर होतं आणि कापूस पिवळा पडतो. मग सावलीत आणून थोडं गार होऊ द्यायचं, गरम गरम कोंबलं तर पिशवीत घाम येतो. गार झाल्याबरोबर भरायचं मात्र, संध्याकाळपर्यंत ओसरीवर ठेवलंत तर सगळं मुसळ केरात, खारं वारं सुटलं की ते परत ओल ओढतं.

भरताना घड्या नकोत. घडीची रेघ पॉलिस्टरमधे बसली की जाता जात नाही आणि इस्त्रीने घालवायला गेलात तर ते तिथेच चपटं होऊन बसतं. कापडाच्या दुकानात तागे गुंडाळायचे पुठ्ठ्याचे जाड रोल असतात, म्हापशाला शुक्रवारी बाजाराला गेले की मी एका दुकानातून मागून आणते, बहुतेक वेळा फुकट देतात. त्यावर सैल गुंडाळायचं, वरून जुनी चादर, आणि मगच प्लास्टिक, आत सिलिका जेलच्या पुड्या. निळ्या दाण्यांचं जेल गुलाबी झालं म्हणजे त्याचं पोट भरलं. ते व्हॅक्यूम पिशव्यांचं फॅड मी करून पाहिलं, जागा वाचते खरी पण जाड फुगीर वॅडिंग चार महिने दाबून ठेवलं की परत तितकं फुगत नाही, पातळ कॉटनला ठीक आहे.

ठेवायचं कुठे, तर बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीला टेकून नाही, जमिनीवर नाही, कौलाखालच्या माळ्यावर तर नाहीच नाही, उंदराला बाळंतपणासाठी याहून चांगली जागा मिळणार नाही. लोखंडी कपाटाचा मधला खण बेस्ट. काहीजणी ओल जायला कपाटात बल्ब पेटवून ठेवतात, कपड्यांच्याही कपाटात मला ते पटत नाही, वॅडिंगच्या शेजारी तर कृपा करून नको, भडकायला वेळ लागत नाही. डांबरगोळ्या नकोतच, कापडात बांधल्या तरी बाळाच्या दुपट्याला तो वास लागतोच. आणि चिठ्ठी लावा, कॉटन की पॉलिस्टर, लांबी, रुंदी, किती अंतरावर टाके चालतात ते. चिठ्ठी दोऱ्याने टाचा, सेफ्टी पिनने नको, आपल्याकडे पिन दोन महिन्यांत गंजते आणि तो डाग निघत नाही.

चिठ्ठी नसेल आणि आठवत नसेल तर सिंकमधे चिमट्यात एक पुंजका धरून पेटवून बघायचा, जवळ बाकीचं वॅडिंग नको. कागद जळल्याचा वास आणि मऊ राख म्हणजे कापूस, वितळून आकसून कडक गोळी झाली म्हणजे पॉलिस्टर, दोन्ही थोडं थोडं दिसलं तर मिक्स. हे कळणं का महत्त्वाचं ते खाली येईलच.

आता तुकडे. माझं मत असं की गोव्यात तुकडे साठवायचे नसतातच, पावसाच्या आधी जोडून मोठे करायचे. पिशवीत पन्नास तुकडे म्हणजे ओल धरायला पन्नास जागा, आणि आपण ती पिशवी पुढच्या वर्षीही उघडणार नाही हे आपल्यालाही माहीत असतं.

जोडायची पद्धत सोपी आहे पण सगळे एकच चूक करतात, एकावर एक चढवून शिवतात, मग गोधडीत तिथे उंचवटा येतो आणि हाताला लागतो. तुकडे कडेला कड भिडवायचे. सरळ कापण्यापेक्षा हे करा: दोन तुकडे दोन-तीन इंच एकावर एक ठेवा, दोन्ही थरांतून कात्री मंद नागमोडी चालवा, वरचा-खालचा निघालेला चोथा बाजूला करा, दोन्ही कडा एकमेकींत अगदी बरोबर बसतात. मग रुंद झिगझॅग, रुंदी पाच मिलिमीटर, टाका दोन-अडीच, ओढायचं नाही, मशीनला आपलं आपण जाऊ द्यायचं, ओढलंत तर कड लाटेसारखी होते. नागमोडी सांधा वरून जवळजवळ कळत नाही कारण सरळ रेषेत घडी पडत नाही. साधी पायाची मशीन असेल, झिगझॅग नसेल, तर हाताने सैल तिरपे टाके, रेडिओ लावून बसायचं. दोरा पांढरा किंवा बदामी. फक्त कॉटन कॉटनला आणि पॉलिस्टर पॉलिस्टरला, जाडीही सारखी, नाहीतर धुतल्यावर कॉटन आटतं, पॉलिस्टर तसंच राहतं, आणि गोधडीला सुरकुत्या पडतात. अठरा इंचाचे चार चौकोन जोडले की छत्तीस बाय छत्तीस, म्हणजे एका बाळाचं दुपटं झालं, कडा जोडण्यात जाईल तेवढं थोडं कमी धरा.

जोडण्याइतके मोठे नसतील त्यांचं वेगळं. हाताच्या पंजाएवढे तुकडे दोन-दोन थर घालून भांडं धरायच्या गाद्यांना, पण इथे फक्त कॉटन, म्हणूनच ती पेटवायची परीक्षा. पॉलिस्टर उष्णतेने मऊ पडतं आणि हात पोळतो. मायक्रोवेव्हमधे जाणारं काही शिवणार असाल तर कापड, वॅडिंग, दोरा तिन्ही शंभर टक्के कॉटन. पॉलिस्टरचे तुकडे पिन टोचायच्या उशीत, पर्सच्या पट्ट्यांत, नाहीतर लांब काठीला बांधून पंखे पुसायला, धूळ काय चिकटते बघा. एक सहा इंची चौकोन कापडाच्या दोन थरांमधे घालून मशीनपाशी ठेवा, नवीन गोधडी सुरू करताना दोऱ्याचा ताण त्यावर तपासायचा.

मोठा एखादा सलग तुकडा असेल तर तो भिंतीवर ताणून लावा, कॉटनच्या ठिगळ्या त्याला आपोआप चिकटतात, पिन न लावता डिझाइन मांडता येतं, जमिनीवर मांडून मांजराने उधळण्यापेक्षा बरं.

आणि ज्या बारीक लांब पट्ट्या उरतात, दोन-अडीच इंचाच्या, त्यांची मी चुंबळ करते. पट्ट्या पिळून गोल वळायच्या, वरून जुन्या साडीची पट्टी घट्ट गुंडाळायची, दोरा मारायचा, झालं. पूर्वी डोक्यावर घागर घ्यायला असायची तशीच. मातीच्या भांड्यांना, कुंडीखाली नको पण कोरड्या मडक्यांना, आणि सगळ्यात भारी म्हणजे घुमटाला. आमच्या घरी घुमट आहे, ते मडक्यासारखं मातीचं वाद्य, चवथीला आरतीला वाजतो आणि वर्षभर फडताळात असतो, पोट गोल असल्याने डुगडुगायचा. आता चुंबळीवर बसतो. मागच्या वर्षी शेजारच्या दोघांनी मागून नेल्या, यंदा भजनी मंडळातल्या एकाने सात सांगितल्यात, त्यामुळे माझ्या पिशवीत सध्या एकही पट्टी शिल्लक नाही आणि मीच इतरांकडे तुकडे मागत फिरतेय.