अंगणवाडीताईंचे रोजचे अनुभव कसे नोंदवावेत

अंगणवाडीच्या रजिस्टरात आणि पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर हजेरी, आहार, वजन-उंची सगळं असतं. दारात अडून बसलेलं तीन वर्षांचं पोर आत कसं आणलं, ते मात्र कुठेच नसतं. नोंदवायचं आहे ते हेच.

आधी परवानगी. केंद्रात जायला बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांची परवानगी घ्या, पण तिला ताईंची संमती समजू नका. ती वेगळी मागा. रेकॉर्डिंग कोण ऐकणार, कुठे ठेवणार, आणि नको वाटलं तर कुठल्या तारखेपर्यंत मागे घेता येईल, हे स्पष्ट सांगा. मुख्य सेविका, म्हणजे ताईंच्या कामावर देखरेख करणाऱ्या अधिकारी, समोर बसल्या असतील तर मुलाखत घेऊच नका. रजिस्टरातलीच उत्तरं मिळतील.

वेळ मुलं घरी गेल्यानंतरची, फार तर ४५ मिनिटं. मदतनीसबाईंशी वेगळं बोला. ताईंसमोर त्या गप्प राहतात, आणि एरवी मुलांची बरीचशी उस्तवार त्याच करतात. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर मध्येच कॉल येऊन रेकॉर्डिंग तुटतं. घडी केलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्यापासून दीड-दोन वितींवर ठेवा, पंखा बंद करा, एक मिनिट रेकॉर्ड करून हेडफोनने ऐका. पत्र्याखाली पावसात काही म्हणता काही ऐकू येत नाही. गोव्यात जून ते सप्टेंबर स्लॅबची खोली आधीच पाहून ठेवा.

खरी मेहनत प्रश्नांवर. ‘काम कसं वाटतं?’ विचारलंत की ‘बरं चाललंय’ एवढंच येतं. त्याऐवजी कालचा दिवस धरा: ‘काल दार उघडल्यापासून पहिलं मूल येईपर्यंत काय काय केलंत?’ ताई म्हणाल्या, ‘पाऊस होता, चारच मुलं आली, म्हणून गाणी सोडून मातीकाम घेतलं’, तर तिथेच थांबा. मातीकामच का? मोठी मुलं असती तर काय घेतलं असतं? अशा उत्तरात वर्षानुवर्षांची समज असते, आणि घाईने पुढचा प्रश्न टाकला की ती हातची जाते. विचारून झालं की पाच सेकंद गप्प बसा. मतं शेवटी विचारा: ‘एकच गोष्ट बदलता आली तर कुठली बदलाल?’

एका भेटीत सगळं येत नाही. पुढचे चार आठवडे मंगळवारी आणि शुक्रवारी दोन मिनिटांची व्हॉइस नोट मागा. रोज मागितलीत तर लवकरच बंद पडते. चवथीचा आठवडा सोडून द्या.

मुलाखतीच्या दिवशीच रेकॉर्डिंग ऐकून लिहायला बसा; तासाभराच्या बोलण्याला चार ते सहा तास लागतात. मध्येच कोंकणी आली तर ती तशीच ठेवा, पुस्तकी मराठी करू नका. फाईल दोन ठिकाणी ठेवा, नावांची यादी तिसरीकडे.

नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं नाही. ‘सत्तरी तालुक्यातल्या देवळाशेजारची अंगणवाडी’ एवढं वाचून गाव ओळखतं. वाडा (गावातली वस्ती), देऊळ, मुलांची आजारपणं, घरची भांडणं काढून टाका. मानधनाची किंवा उशिरा येणाऱ्या सामानाची तक्रार असेल तर तालुकाही लिहू नका. शेवटी मजकूर ताईंना वाचून दाखवा. त्या म्हणतील ते वाक्य कारण न विचारता खोडा.