ट्रकसाठी परवडणारे, टिकाऊ टायर कसे निवडावेत

साइज जुन्या टायरवरून उतरवून घ्या. पुढे सरळ रिबची (लांब उभ्या पट्ट्यांची) नक्षी, मागे कच्च्या रस्त्याचं काम असेल तर लग (जाड, खोल ठोकळ्यांची नक्षी). हायवेच्या गाडीला रेडियलच, म्हणजे आत पोलादी तारा असलेला टायर. उसाच्या फडात किंवा खाणीत जाणाऱ्या गाडीला मात्र नायलॉन (आत नायलॉनचे धागे असलेला टायर) अजूनही चालतो, कोणी काहीही म्हणो.

साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूवर, १४६/१४३ असा भाराचा कोड दिसेल. त्याचा अर्थ, एकटा बसवला तर टायर ३,००० किलो पेलतो, जोडीत प्रत्येकी २,७२५. हा आकडा तुमच्या खऱ्या भाराशी ताडून पाहा, आरसी बुकातल्या भाराशी नव्हे.

आता भाव. दुकानदार "किती हजारांपर्यंत बघायचा?" इथून सुरुवात करतो आणि माणूस तिथेच फसतो. ट्रकचा टायर म्हणजे वरचं रबर नव्हे, आतलं केसिंग, म्हणजे तारा-धाग्यांचा सांगाडा. समजा, १६,००० चा टायर ५०,००० किलोमीटर चालला आणि केसिंग गेलं, तर किलोमीटरला ३२ पैसे पडले. २०,००० चा ८०,००० चालला, झिजल्यावर त्याच केसिंगवर ६,००० देऊन नवं रबर चढवलं आणि आणखी ६०,००० मिळाले, तर साधारण साडेअठरा पैसे. म्हणून दुकानात पहिला प्रश्न हा: याच्या केसिंगवर रबर चढतं का, कितीदा? उत्तर दुकानदाराकडून नको, रबर चढवणाऱ्या रिमोल्डवाल्याकडून घ्या. कोणत्या टायरची केसिंग तो परत पाठवतो, हे त्याला तोंडपाठ असतं.

पण चांगलं केसिंगही टायरची नक्षी जाऊन गोटा होईपर्यंत पळवलं की मरतं. नक्षी तीनेक मिलिमीटर उरली की काढा. पावसाळ्यात पातळ रबरातून खडी आत घुसते, पाणी तारांपर्यंत जातं, गंज धरतो. "अजून एक फेरी निघेल" म्हणणाऱ्या ड्रायव्हरचं ऐकू नका. ती फेरी केसिंगच्या किमतीला पडते. एप्रिल-मेत हवा कमी ठेवून ओव्हरलोड पळवणं त्याहून वाईट, कारण केसिंग आतून भाजतं आणि बाहेरून काही दिसत नाही. हवा टायर थंड असतानाच तपासा. तापलेल्या टायरची हवा सोडणारे पंक्चरवाले आहेत, त्यांना हात लावू देऊ नका.

साइडवॉलवर बनावटीची तारीख बघा: तिथल्या कोडचे शेवटचे चार आकडे २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दोन वर्षं गोदामात पडलेला टायर सवलतीतही नको.

मागच्या जोडीत एक नवा, एक झिजलेला बसवू नका. उंच टायर सगळा भार घेऊन तापतो, बुटका नुसता घासत जातो. नवे टायर आधी पुढे लावा. रबर चढवलेला टायर पुढे कधीच नाही, घाटात तर मुळीच नाही.